बेळगावच्या सांब्रा विमानतळावर उतरणाऱ्या विमानावर लेझर मारला तर नेमकं काय होतं, शिक्षा किती, आणि थांबवायचं कसं

मुतग्याकडच्या एका तरुणानं विचारलंय, "काका, आमच्या इथं पोरं संध्याकाळची गच्चीवर जाऊन सांब्र्याला उतरणाऱ्या विमानावर हिरवा लेझर मारालेत. मोठी माणसं म्हणतात एवढ्या लांब काय जातंय ते, खेळू दे की. खरंच काही होतं काय? सापडलं तर शिक्षा किती? आणि आम्ही नेमकं कुणाला सांगायचं?" खाली अजून एकानं जोडलंय की गणपतीच्या मिरवणुकीतले लेझर आणि शार्पी (बारीक झोताचे फिरणारे दिवे) यात येतात का.

मी एटीसीत, म्हणजे टॉवरमधून विमानांना वाट देणाऱ्या खात्यात, नोकरी केली, वेगवेगळ्या गावांच्या टॉवरमध्ये बसलो, आता निवृत्त होऊन वडगावात असतो. त्यामुळं हे पायलटच्या बाजूनं कमी आणि टॉवरच्या काचेमागून जास्त बघितलंय, तसंच सांगतो, जरा लांबेल.

पहिलं ते "लांब काय जातंय" याचं. ही समजूत उगाच नाही आलेली, डोळ्याला तसंच दिसतं. गच्चीवरून हिरवा लेझर आभाळात मारला की ती रेघ वर जाऊन एका ठिकाणी संपल्यासारखी वाटते, पोरं तर एकमेकाला सांगतात "माझा ढगापर्यंत जातो, तुझा मधेच तुटला". तुटत काही नसतो. हवेतल्या धुळीवरून आपल्याकडं परत येणारा उजेड आपण ज्या कोनातून बघतो त्यामुळं रेघ एका टोकाला संपलेली दिसते, किरण आपला पुढं जातच राहतो. तो फक्त पसरत जातो. साधारण पॉइंटरचा किरण किलोमीटरला मीटरभर पसरतो असं धरा, म्हणजे हातातला मुगाएवढा ठिपका विमानापर्यंत जाईस्तोवर अख्खी कॉकपिटची काच व्यापेल एवढा होतो. पोरांना वाटतं नेम धरून पायलटच्या डोळ्यात मारणं कुणाला जमणार आहे. नेम धरायची गरजच नसते त्याला, किरणच मोठा झालेला असतो.

त्यात विमानाची काच आपल्या घरच्या खिडकीसारखी पातळ नसते, जाड असते, अनेक थरांची असते, आणि वापरून वापरून बारीक ओरखडे पडलेले असतात. लेझर त्या काचेवर पडला की ओरखडे न् थर मिळून उजेड सगळीकडं फोडतात आणि पूर्ण काच हिरवी पेटल्यासारखी होते, पलीकडचा रनवे दिसायचा बंद. रात्री वंटमुरी घाटात समोरून कुणीतरी हाय बीम टाकून आला की दोन सेकंद काय होतं ते गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त तिथं ब्रेकवर पाय ठेवता येतो, विमानाला ती सोय नाही.

आता हिरवाच का एवढा त्रास देतो. बाजारातल्या हिरव्या पॉइंटरचा उजेड ५३२ नॅनोमीटरचा असतो आणि माणसाचा डोळा दिवसा ज्या रंगाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो तो ५५५ च्या आसपासचा, म्हणजे अगदी शेजारचा. ६५० नॅनोमीटरच्या लाल पॉइंटरपेक्षा तेवढ्याच पॉवरचा हिरवा साधारण आठपट प्रखर दिसतो, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तर त्याहून जास्त. आणि पायलटचा डोळा अंधाराला सरावलेलाच असतो, रात्री उतरताना कॉकपिटमधले दिवे मंद केलेले असतात. हा सराव पूर्ण व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोडायला एक झोत पुरतो.

डोळा फुटतो का, आंधळं होतं का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. सरळ सांगायचं तर विमानाच्या अंतरावर साध्या पॉइंटरनं पायलटचा डोळा कायमचा जाणं फार दुर्मिळ. ५ मिलिवॅटच्या हिरव्या पॉइंटरचा डोळ्याला इजा करायचा पल्ला जेमतेम सोळा मीटर असतो. पण डोळा दिपून काही क्षण काहीच न दिसणं ऐंशी मीटरपर्यंत होतं, काचेवर चकाकी येऊन बाहेरचं न दिसणं साडेतीनशे मीटरच्या पुढंपर्यंत, आणि लक्ष विचलित होणं साडेतीन किलोमीटरपर्यंत. हे ५ मिलिवॅटचे आकडे झाले. आपल्या जत्रेत न् ऑनलाइन जो काळा दांडा मिळतो, किल्ली लावायचा, चार्जिंगच्या सेलवरचा, त्याच्या लेबलवर काहीही छापलेलं असलं तरी आत ५ मिलिवॅट असेल यावर मी एक पैसा लावणार नाही. अमेरिकेत २०१३ साली तिथल्या सरकारी प्रयोगशाळेनं १२२ पॉइंटर तपासले तर हिरव्यातले जवळपास नव्वद टक्के नियमात बसले नाहीत, तिथं ही गत तर जत्रेतल्या स्टॉलची काय सांगायची. दांडा ५० मिलिवॅटचा निघाला तर चकाकीचा पल्ला साडेतीनशेवरून साडेअकराशे मीटरच्या आसपास जातो. स्वस्त हिरव्या लेझरची अजून एक भानगड म्हणजे हिरवा किरण तयार करायला आत न दिसणारा इन्फ्रारेड लेझर असतो आणि तो अडवणारा फिल्टर पैसे वाचवायला बरेचदा बसवलेलाच नसतो, त्यामुळं घरात एकमेकाच्या तोंडावर मारणाऱ्या पोरांना धोका पायलटपेक्षा जास्त. आईबापाला विमानाचं सांगून पटत नसेल तर हे सांगा, लगेच पटतं.

मग डोळा जात नसेल तर एवढा बाऊ कशाला? कारण वेळ. विमान उतरताना तीन अंशाच्या उतारानं येतं, म्हणजे रनवेपासून साडेपाच किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम हजार फूट वर असतं, आणि तिथून चाकं टेकायला साधारण दीड मिनिट. या दीड मिनिटात पायलट वेग बघतोय, उतार बघतोय, रनवेच्या बाजूचे ते चार दिवे बघतोय, पापी म्हणतात त्यांना, दोन पांढरे दोन लाल दिसले तर उतार बरोबर, तीन लाल झाले तर खाली आलाय, चारही लाल म्हणजे फारच खाली. लाल-पांढऱ्याचा हा हिशोब ज्या काचेतून करायचा तीच काच हिरवी झाली तर काय करायचं सांगा. आपल्याकडं येणाऱ्या ७८ सीटांच्या एटीआरला, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाला, वाऱ्याची पण कसरत असते, पावसाळ्यात सांब्र्याच्या माळावर आडवा वारा काय असतो ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

टॉवरमध्ये हे कसं दिसतं ते सांगतो. संध्याकाळी शेवटच्या टप्प्यावर असलेलं विमान, रेडिओवर सगळं नेहमीसारखं, आणि मधेच पायलटचा आवाज एकदम आखूड होतो, "टॉवर, लेझर, ग्रीन, डावीकडून, अंदाजे दोन मैल". आवाजात घाबरणं नसतं, पण शब्द कमी झाले की आम्हाला कळतं. तिकडं कॉकपिटमध्ये तोवर ज्याच्या डोळ्यावर आला त्यानं मान फिरवून नजर आत मीटरवर घेतलेली असते, दुसऱ्यानं "माझ्याकडं घेतलं" म्हणून कंट्रोल घेतलेला असतो, आतले दिवे वाढवलेले असतात म्हणजे झोताचा फरक कमी जाणवतो. डोळा चोळायचा नाही हे शिकवलेलं असतं. दोघांच्याही डोळ्यावर आलं किंवा रनवे दिसेना तर सरळ वर उचलायचं, गो अराउंड, एक फेरी मारून परत. आम्ही इकडं मागच्या विमानाला सावध करतो, वेळ लिहितो, रंग, दिशा, उंची लिहितो, आणि एक गोष्ट हमखास विचारतो, झोत एकदा येऊन गेला की विमानाच्या मागं मागं फिरला. एकदाच आला तर कुणाचा तरी सहज हात गेला असेल. मागं मागं फिरला तर गच्चीवर कुणीतरी उभा राहून मुद्दाम करतोय.

मग फोन जातो पोलिसांना. आणि इथं खरी गंमत होते, फोनवर आमच्याकडं सांगायला काय असतं तर "रनवेच्या पश्चिमेला तीन-साडेतीन किलोमीटर, रस्त्याच्या उत्तरेला". त्या वर्णनात शंभर गच्च्या बसतात. गाडी पोचेस्तोवर पोरं खाली येऊन जेवायला बसलेली असतात. अमेरिकेत जे लोक पकडले जातात त्यातले बरेच पोलीस हेलिकॉप्टरवर लेझर मारणारे असतात, कारण हेलिकॉप्टरला किरणाच्या रेघेवरून खाली थेट घर दिसतं, कॅमेऱ्यात येतं, आणि वरूनच खालच्या गाडीला सांगता येतं. आपल्याकडं उतरणारं एटीआर कुठं थांबून घर शोधणार.

आता शिक्षा. आधी बाहेरचं सांगतो कारण तिकडचेच आकडे आपल्याकडं व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि लोकांना वाटतं ते इथलेच. अमेरिकेत २०१२ पासून विमानावर लेझर मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, शिवाय विमान खात्याचा दंड वेगळा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत २०१४ साली एकाला चौदा वर्षं सुनावली होती, ती बातमी अजून फिरते, पण पुढच्या वर्षी वरच्या कोर्टानं त्यातला मोठा आरोप काढून टाकला हे कुणी फॉरवर्ड करत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ ला वेगळा कायदा आला, त्यात विमानच नाही तर आगगाडी, बोट, मोटार सगळं घेतलं, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादाच नाही. त्याआधी तिथं विमानावर लेझर चमकवल्याबद्दल जास्तीत जास्त अडीच हजार पौंड दंड होता. २०१६ च्या फेब्रुवारीत लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं व्हर्जिन अटलांटिकचं विमान लेझरमुळं पायलटला त्रास झाल्यानं परत फिरलं होतं, त्यानंतर तिकडं कायद्याची मागणी जास्तच जोरात आली. ऑस्ट्रेलियात २००८ ला सिडनीत उतरणाऱ्या विमानांवर बऱ्याच ठिकाणांहून एकदम लेझर मारले गेले तेव्हा त्यांनी थेट पॉइंटर जवळ बाळगण्यावर आणि आयातीवरच हात घातला.

आपल्याकडं ब्रिटनसारखा लेझरचा म्हणून वेगळा कायदा नाही, पण याचा अर्थ मोकळं रान आहे असं नाही. पोलीस साधारण भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लावू शकतात, बेदरकारपणानं दुसऱ्याच्या जिवाला धोका करणं, जुन्या आयपीसीत ३३६ ते ३३८ होतं ते. नुसता धोका झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, दुखापत झाली तर सहा महिने, पाच हजार, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षं, दहा हजार. हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, पण जामीनपात्र, संध्याकाळपर्यंत घरी. दुसरं म्हणजे पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाईचा आदेश काढतात, पूर्वी १४४ म्हणायचो तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतो, तो मोडला की न्याय संहितेचं कलम २२३, साधं मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत, त्यानं कुणाच्या जिवाला धोका झाला तर वर्षापर्यंत. पण हा आदेश दोन महिन्यांत संपतो, परत काढावा लागतो, आणि मधल्या काळात कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय २२३ मध्ये आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूनं लेखी तक्रार कोर्टात जावी लागते, ती नसली तर केस तिथंच गळते, वकील पहिल्यांदा हेच बघतात.

तिसरं विमानांचे आपले नियम. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये ६६ वा नियम विमानतळाजवळच्या फसव्या आणि धोक्याच्या दिव्यांचा आहे, असा दिवा लावणाऱ्याला तो विझवायची किंवा झाकायची नोटीस देता येते. लेझरचा शोध १९६० चा, म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात कुणाच्या तरी गिरणीचा दिवा नाहीतर पेट्रोमॅक्स असणार, आणि तो नोटिशीचा धंदा जागच्या जागी असलेल्या दिव्याला ठीक, खिशात घालून पळणाऱ्या लेझरला काय नोटीस देणार. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय, त्यात नियम मोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. तो एक कोटीचा आकडा बातम्यांत मस्त दिसतो, गच्चीवरच्या नववीतल्या पोराला कोणी एक कोटी लावत नसतंय. आणि कुणी १९८२ चा विमान सुरक्षेचा कायदा न् जन्मठेप म्हणून घाबरवत असेल तर तो कायदा जाणूनबुजून विमानाचं नुकसान वगैरे करणाऱ्यांसाठी आहे, पॉइंटरच्या खोडीला तो चिकटवायला गेलात तर कोर्टात टिकायचा नाही. पोरगा अठराच्या आतला असेल तर मामला बाल न्याय मंडळापुढं जातो, तिथं समुपदेशन, समज, आईबापाकडून हमीपत्र, असं काहीतरी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शिक्षा वाढवून हे थांबत नाही. अमेरिकेतच बघा, २०१० ला वर्षाला २,८३६ घटना नोंदल्या होत्या, पाच वर्षांचा कायदा आला, चौदा वर्षांची बातमी झाली, तरी २०२३ ला आकडा १३,३०४ वर गेला. कारण मारणाऱ्याला सापडायची भीतीच नाही, आणि बहुतेकांना आपण काही वाईट करतोय हेच माहीत नाही. शिक्षा मोठी असण्यापेक्षा छोटी पण हमखास असली पाहिजे. पॉइंटर जप्त, आईबापाला पोलीस स्टेशनला बोलावणं, शाळेला पत्र, एवढं जरी ज्याचं त्याला दर वेळी झालं तर एका गल्लीत बातमी पसरायला एक दिवस लागतो. आणि कृपा करून पोरांचे व्हिडीओ करून ग्रुपवर टाकू नका, मारहाण तर नकोच, त्यानं पोरगं सुधारत नाही, घरच्यांची भांडणं मात्र पिढीभर चालतात.

तुम्ही नेमकं काय करायचं ते. दिसलं की लगेच ११२ लावा, दुसऱ्या दिवशी नाही, आणि "लेझर मारालेत" एवढंच सांगून ठेवू नका. गाव, गल्ली, जवळची खूण म्हणजे देऊळ, डेअरी, पाण्याची टाकी, किती मजली घर, किरण कुठल्या बाजूला जात होता, वेळ, रंग. टॉवरकडं दिशा असते आणि तुमच्याकडं घर असतं, दोन्ही जुळले की पंचनाम्याला काहीतरी हाताला लागतं, नाहीतर आमचं वर्णन आणि पोलिसांची डायरी दोन्ही कोरडी राहतात. भाषेचं म्हणाल तर ११२ वर कन्नडात बोललं जातं, पण बेळगावात मराठी कळत नाही असं फार क्वचित होतं, हिंदीत सांगितलं तरी चालतं. नाव द्यायची भीती वाटत असेल तर ग्रामपंचायतीच्या सदस्याला सोबत घेऊन बीटच्या पोलिसाला तोंडी सांगा, बरेचदा त्यानं गल्लीत एक चक्कर मारली तरी महिनाभर शांतता असते. ते पॉइंटर ज्या दुकानातून आले तेही सांगा. पोराच्या हातातला एक जप्त करण्यापेक्षा स्टॉलवरचा खोका उचलला तर जास्त फरक पडतो, पण ते कुणी करत नाही कारण तक्रारीत दुकानाचं नावच नसतं.

शेतावर डुकरं न् पाखरं हाकलायला लेझर वापरणारे पण आहेत, खानापूरकडं मी बघितलंय. वापरा, पण जमिनीसमांतर, आणि सांब्र्याच्या जवळच्या शिवारात नकोच.

आता मिरवणूक, आणि माझ्या मते बेळगावात खरा मोठा विषय हाच आहे, गच्चीवरची पोरं त्यापुढं काहीच नाहीत.

आंतरराष्ट्रीय नियमांत विमानतळाभोवती लेझरचे टप्पे आखलेले असतात. रनवेच्या अगदी जवळचा आणि उतरायच्या वाटेवरचा पट्टा जवळपास लेझरमुक्त ठेवायचा, आणि त्याच्या बाहेर १८.५ किलोमीटरपर्यंतचा टप्पा असा की तिथं विमानाच्या काचेवर चकाकी येईल एवढा प्रखर किरण पोचता कामा नये. आता नकाशा काढा. सांब्रा बेळगावपासून दहा किलोमीटर. म्हणजे शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, किल्ला, कपिलेश्वर तलाव, अख्खं शहर त्या टप्प्यात बसतं, कुणी म्हणेल "आम्ही एअरपोर्टपासून लांब आहोत" तर त्यात काही अर्थ नाही. आणि मिरवणुकीतला लेझर मिलिवॅटचा नसतो, वॅटचा असतो. दहा वॅटचा लेझर, किरण तेवढाच बारीक धरला, तर चकाकीचा पल्ला गणितानं सोळा किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात ते किरण जास्त पसरतात, हलत असतात, त्यामुळं तेवढं होत नाही, पण अर्धं जरी धरलं तरी आठ किलोमीटर झालं की. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याहून पाटण्याला गेलेलं विमान उतरताना लग्नाच्या वरातीतल्या डीजेचा लेझर कॉकपिटवर आला होता, पायलटनं कसंबसं सावरून उतरवलं. त्याच वर्षी मे-जूनमध्ये चेन्नईला उतरणाऱ्या विमानांवर लेझर मारल्याच्या घटना लागोपाठ झाल्या. हे परदेशातलं नाही, आपल्याच देशातलं, आणि वरातीतला डीजे काय फक्त पाटण्यात असतो?

शार्पी म्हणजे लेझर नाही, तो दिवा असतो, बारीक झोताचा. आपल्याकडं कुठल्याही कंपनीचा असला तरी शार्पीच म्हणतात. त्यानं डोळ्याला लेझरएवढी इजा होत नाही, पण झोत कैक किलोमीटर वरपर्यंत दिसतो आणि आठ-दहा एकदम आभाळात फिरायला लागले की पायलटला खालचे दिवे वाचणं अवघड होतं. शहराच्या उजेडात रनवेचे दिवे शोधताना मधेच हे फिरणारे खांब.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सेटिंग कसं चालतं ते एकदा जवळ जाऊन बघा. मागं जनरेटर, मधे डॉल्बीच्या भिंती, वर लोखंडी ट्रस म्हणजे सांगाडा, आणि त्याला शार्पी न् लेझर नटबोल्टनं अडकवलेले. ऑपरेटर बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचं पोरगं, रात्रभर जागलेलं, लॅपटॉपवर तयार पॅटर्न लावून बसलेलं, त्यातला निम्मा वेळ झोत समोर लोकांच्या तोंडावर आणि निम्मा वेळ आभाळात, कारण पॅटर्न तसाच आलेला असतो. लेझरचा हलणारा आरसा मधेच अडकला तर फिरणारा किरण एका जागी थांबतो आणि समोर उभं असलेल्याच्या डोळ्याच्या पडद्यावर तेवढ्यात डाग पडतो. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकला तरुण पोरं नजर कमी झाली म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेली होती, पुढं पुण्यात मिरवणुकीत लेझरला बंदीचे आदेश निघाले ते यातूनच. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जळालेले तर आपल्या बेळगावात पण भरपूर सापडतील, स्क्रीनवर आडवी रेघ आली की समजायचं.

सीमाभागाची यात एक वेगळीच अडचण आहे. बरेच सेट कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडून येतात. तिकडं बंदीचा आदेश निघाला तर तो सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं लागू होत नाही, आणि उलट तिकडं लावता येत नाही म्हणून तोच सेट आपल्याकडं स्वस्तात मिळतो. इकडचा आदेश निघतो कन्नडमध्ये, पोलीस स्टेशनच्या बोर्डावर लागतो, मंडळाच्या पोरांपर्यंत पोचतो तो मिरवणुकीच्या दिवशी हवालदाराच्या तोंडून, तेव्हा सेट आलेला असतो, अॅडव्हान्स दिलेला असतो, मग वादावादी, मग कुणीतरी त्याला मराठी-कन्नडचा रंग देतं आणि लेझरचा मुद्दा बाजूलाच राहतो. पायलटच्या डोळ्याला तुमचा बोर्ड कुठल्या भाषेतला आहे ते माहीत नसतं, तेव्हा निदान या विषयात तरी ते नको.

माझ्या मते हे मिरवणुकीच्या दिवशी नाही, बुकिंगच्या दिवशी थांबतं. गणपतीआधी पोलीस शांतता समितीची बैठक घेतात, मंडळाचे अध्यक्ष जातात, चहा पिऊन येतात. तिथं दोनच गोष्टी मागा. आदेशाची मराठी प्रत आत्ताच द्या, आदल्या दिवशी नको. आणि दंड मंडळाला नाही तर सेटच्या मालकाला लागेल, माल जप्त होईल, हे लेखी सांगा. मंडळाला दंड झाला तर वर्गणीतून भरला जातो आणि पोरं त्याचीही बढाई मारतात, पण मालकाचा काही लाखांचा सेट गणपतीच्या सीझनमध्ये पोलीस स्टेशनच्या आवारात पडून राहिला तर पुढच्या वर्षी तो स्वतःच लेझर खाली उतरवून येतो.

आणि बुकिंग करताना पावतीवर लिहून घ्या की लेझर येणार नाही, आणि शार्पीचा झोत ट्रसच्या वर जाणार नाही. शार्पीमध्ये वर-खाली फिरायची मर्यादा बसवता येते, ऑपरेटरला "टिल्ट लॉक कर" म्हटलं की कळतं, पाच मिनिटांचं काम आहे. तो म्हणेल मजा येणार नाही, इफेक्ट जातो. मग समोरच्या इमारतीच्या भिंतीवर नाहीतर झाडांवर मारायला सांगा, तिथं दिसतो की इफेक्ट. ऐकत नसेल तर अॅडव्हान्स देऊ नका, दुसरे सेटवाले आहेत.